पीएसए उतरला, साखर चढली

(दृश्य: ट्रेमधली सिरिंज, अगदी जवळून)

सिरिंजच्या खिडकीतून दिसते ती पांढरट कांडी पाहा. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब. गोसेरेलिन, प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं औषध, १०.८ मिलिग्रॅम. सिस्टर बेंबीखालची कातडी चिमटीत धरतात आणि कांडी आत सोडतात. पुढचे तीन महिने ती तिथेच हळूहळू विरघळणार.

हे औषध मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला अखंड डिवचत राहतं. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उलट वाढतं. मग ग्रंथी दाद देणंच सोडते आणि तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. त्यावरच पोसणाऱ्या कॅन्सरची रसद तुटते. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं आणि या कॅन्सरवर नजर ठेवायला मोजलं जाणारं प्रथिन, खाली येतं.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र)

ही रसद तोडता येते, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये शिकागो विद्यापीठात दाखवलं. तेव्हा शस्त्रक्रियेने अंडकोष काढत, नाहीतर इस्ट्रोजेन देत. १९६६ साली हगिन्स यांना नोबेल मिळालं.

(दृश्य: ओपीडीतलं टेबल, मोजपट्टी)

रक्तदाबाचा पट्टा इथे प्रत्येकाच्या दंडाला लागतो. ही टेप मात्र तशीच पडून. इंजेक्शनच्या दिवशी ती कमरेला लागलीच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू झडतात, चरबी साठते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४८ आठवड्यांत वजन सरासरी २.४ टक्केच वाढलं, चरबी मात्र ९.४ टक्के. वजनकाट्यावर हे कळत नाही. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायू. ते घटून, चरबी वाढून शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं, की स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून काही काळ निभावून नेतं. उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे निर्धास्त होतात.

२००६ साली सुमारे ७३ हजार वयस्क अमेरिकन रुग्णांच्या नोंदींत, ही इंजेक्शनं घेणाऱ्यांना डायबेटिसचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकाराचाही वाढलेला होता.

(दृश्य: फिजिओथेरपी विभाग, रबरी पट्टा ताणणारे काका)

चालण्याच्या जोडीला स्नायूंना ताण देणारा हा व्यायाम हवा. हाडंही ठिसूळ होतात, म्हणून तो शिकूनच करावा.

इंजेक्शन मनाने बंद करू नका. उपचार सुरू होण्याआधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासा, नंतरही तपासत राहा. पीएसएच्या रिपोर्टसोबत तेही रिपोर्ट फाइलला लावा आणि डॉक्टरांसमोर स्वतःहून ठेवा.