शिक्षकाची नोकरी कोणत्या कायद्यात बसते?

शिक्षक बंधू-भगिनींनो,

सरकारी तिजोरीतून पगार येतो म्हणजे आपण सरकारी नोकर, असं गावात सगळे समजतात. आपल्यातलेही पुष्कळजण तसंच समजतात. कायदा तसं म्हणत नाही. शासकीय विद्यानिकेतनातला शिक्षक, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि अनुदानित हायस्कूलमधल्या बाई, तिघांचाही पगार शेवटी राज्याच्याच पैशातून होतो. पण त्यांच्यावर कारवाई करायची वेळ आली की तिघांना तीन वेगळे नियम लागतात आणि दाद मागायची जागाही बदलते. शासकीय शिक्षक महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जातो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 1964 चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावर तो विभागीय आयुक्तांकडे अपील करतो आणि तिथे न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालयात रिट. मॅट त्याच्यासाठी नाही. अनुदानित शाळेतल्या शिक्षकासाठी शाळा न्यायाधिकरण आहे. आपला दरवाजा कोणता हे वेळेवर कळलं नाही, तर चुकीच्या ठिकाणी चकरा मारण्यातच मुदत निघून जाते.

मग आपण कामगार आहोत का? तेही नाही. 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक 'कामगार' ठरत नाही. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, कारकुनी किंवा अंगमेहनतीचं काम नव्हे, असा विचार त्यामागे होता. मान मोठा आहे, पण त्या मानामुळेच कामगार न्यायालयाचं दार शिक्षकाला बंद झालं. ग्रॅच्युइटीचंही तेच झालं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना ग्रॅच्युइटीच्या कायद्याबाहेर ठेवलं. संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती करून शिक्षकांना त्यात आणलं, ती दुरुस्ती 3 एप्रिल 1997 पासून लागू केली, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. खाजगी शाळांतल्या कितीतरी शिक्षकांचा हक्काचा पैसा तोवर अडकून राहिला. आपल्याला मिळालेलं प्रत्येक संरक्षण असं कुणीतरी भांडून मिळवलेलं आहे.

आता खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त भीती याच शाळांमध्ये आहे. या कायद्याचं कलम 7 नीट वाचा. राजीनामा द्यायचा असेल तर त्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक संस्थेला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. एका राजीनाम्यासाठी एवढी तपशीलवार पद्धत कशाला, असं वाटेल. नोकरी देतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन तो कागद कपाटात ठेवायचा आणि नको झाला की त्यावर राजीनामा लिहायचा, हा प्रकार आपण सगळेच ऐकून आहोत. त्यावरचा इलाज या चार ओळींत आहे.

तसंच चौकशीचं. कायम शिक्षकाला शिस्तभंगासाठी काढायचं तर याच कायद्याखालच्या 1981 च्या नियमांप्रमाणे तिघांची चौकशी समिती लागते: एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने स्वतः निवडलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आपला माणूस समितीत बसवण्याचा हक्क सोडू नका. 'संस्थाच नेमेल कुणीतरी' म्हणून गप्प बसलेल्या शिक्षकाची बाजू समितीत मांडणार कोण?

बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणं, यांविरुद्ध याच कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करायचं असतं. सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. प्रत्यक्षात बऱ्याचदा लेखी आदेश निघतच नाही. सकाळी मस्टरवर सही करू देत नाहीत आणि 'उद्यापासून येऊ नका' एवढंच सांगतात. त्याच दिवशी घडलं ते तारखेसह लिहा, एक प्रत संस्थेला आणि एक शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. इमारत भाड्याचं अनुदान थांबलं म्हणून संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याकडून दरमहा 1500 रुपये मागितले. बाईंनी नकार दिला. त्यानंतर त्यांना तब्बल 25 मेमो मिळाले, मग निलंबन, मग बडतर्फी. न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली, उच्च न्यायालयाने मागील वेतन नाकारलं, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण द्यायला लावलं. बेकायदा काढलेल्याला पुन्हा नोकरी आणि मागील पूर्ण पगार हाच सर्वसाधारण नियम, असं त्या निकालाने स्पष्ट केलं. दरम्यान दुसरीकडे कमावत नव्हतो एवढं शिक्षकाने सांगायचं. कमावत होता, हे संस्थेने सिद्ध करायचं.

अशैक्षणिक कामांबद्दल थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशी कामं द्यायला मनाई करतं, आणि त्यात तीनच अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार यादीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं आहे. बाकीची सर्वेक्षणं या कलमात कुठेच नाहीत.

शेवटी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, कारण आज सगळ्यांच्या मनात तेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाप्रमाणे पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना सूट आहे, पण पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. 2010 पूर्वी, तेव्हाच्या नियमांप्रमाणे रीतसर नेमलेल्या माणसाला वीस वर्षांनी अशा परीक्षेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं आणि त्यासाठी संघटनेने भांडलंच पाहिजे. पण तो लढा चालू असताना अर्ज भरायचा थांबवू नका. लढ्याचा निकाल कधी लागेल ते कुणाच्या हातात नाही, परीक्षेची मुदत मात्र चालू झाली आहे.