लिगामेंट फाटलंय

[कबड्डीचं मैदान. मुलींचा सराव.]

वाळवा तालुका. चढाईला गेलेली मुलगी परतताना पाय कसा रोवते आणि अंग कसं फिरवते, ते बघा. अशाच एका वळणावर इथल्या एका मुलीचा गुडघा गेला. कुणाचा धक्काही लागला नव्हता.

मग मालीश, लेप, क्रेप बँडेज. सूज उतरली की घरचे म्हणतात, लचक बरी झाली. मुलाचा गुडघा असला तर एमआरआय लवकर होतो. मुलीला सांगतात, आता खेळ बास.

[मिरज. तपासणीची खोली.]

गुडघा जरासा वाकवून डॉक्टर नडगी पुढे ओढतात. धडधाकट गुडघ्यात ती ठक्कन अडते. इथं नुसती सरकत राहते. मांडीच्या हाडाला नडगीशी आतून तिरकं बांधणारं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, तुटलंय. त्याचं नाव एसीएल. सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून पूर्ण तुटलेलं एसीएल सहसा आपोआप सांधत नाही. तिच्याच पायातले टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, घेऊन नवं बांधायचं.

[शस्त्रक्रियागृह.]

नडगीच्या वरच्या टोकाशी, आतल्या अंगाला ३-४ सेंटिमीटरचा छेद. सेमिटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस, मांडीमागचे दोन टेंडन. टेंडन सोडवणारं हत्यार, स्ट्रिपर, वर सरकतो आणि लांब पांढरी पट्टी हातात येते. शेजारच्या टेबलावर पट्टीवरचा स्नायू खरवडतात, चौपदरी दुमडतात, टोकं शिवतात. मग मापाच्या भोकातून ओढून जाडी बघतात. ८ मिलिमीटर. याहून बारीक ग्राफ्ट, म्हणजे लिगामेंटच्या जागी बसवायची ही पट्टी, तरुण खेळाडूंमध्ये जास्त तुटतो, म्हणून बारीक भरला तर आणखी एक घडी.

काही सर्जन वाटीखालच्या टेंडनचा मधला तिसरा हिस्सा घेतात, दोन्ही टोकांच्या हाडासकट. तो हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर धरतो. पण नंतर गुडघे टेकताना दुखू शकतं, आणि पैलवानाला तर मॅटवर गुडघे टेकावेच लागतात.

[मॉनिटर. गुडघ्याच्या आतलं दृश्य.]

४ मिलिमीटरची दुर्बीण, भोवती सलाईन. मांडीच्या हाडात बोगदा कुठं पडतो, यावर पुढचं सगळं अवलंबून. पूर्वी नडगीतल्या बोगद्यातूनच ड्रिल वर नेत. वरचं भोक बऱ्याचदा मूळ जागेपेक्षा उंच पडे आणि लिगामेंट उभं बसे. नडगी पुढे सरकणं थांबे, पण गुडघ्याचं पिळवटणं पुरतं थांबत नसे. कबड्डीत तर सगळा जोर पिळवटण्यावरच! म्हणून इथं गुडघा साधारण १२० अंश वाकवलाय, आणि समोरच्या वेगळ्या छिद्रातून ड्रिल थेट लिगामेंटच्या मूळ जागी लावलंय. सर्जन जागा पुन्हा पुन्हा तपासतात. तपासायलाच हवी.

ग्राफ्ट खालून वर ओढला. त्याच्या टोकाला बांधलेलं छोटं बटण हाडापलीकडे जाऊन आडवं झालं, आता तो मागे येत नाही. खाली स्क्रू. पुन्हा नडगी ओढून बघतात. अडली.

पहिले काही आठवडे ग्राफ्ट उलट कमकुवत होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरायच्या असतात. मैदान ९ महिन्यांआधी नाही, तेही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आली तरच. सगळ्याच परतत नाहीत. गावातून फिजिओथेरपीला तिला कोण नेणार, हे ऑपरेशनच्या आधी घरात ठरायला हवं.