वक्तृत्व स्पर्धेच्या बातमीवर किती विसंबावे?

नमस्कार. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीच्या, म्हणजे 22 सप्टेंबरच्या, आणि सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या, म्हणजे 3 जानेवारीच्या सुमारास शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धा होतात आणि पाठोपाठ त्यांच्या बातम्या येतात. पुढच्या वर्षी कोणत्या स्पर्धेत उतरायचे, तयारी कशी करायची, हे अनेक विद्यार्थी आणि शिक्षक याच मजकुरावरून ठरवतात. म्हणून तो पारखून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पहिला प्रश्न लेखकाचा. स्पर्धेची बातमी पुष्कळदा संयोजकांच्या प्रसिद्धिपत्रकावरून तयार होते. त्यात गैर काही नाही, आणि तारीख, स्थळ, बक्षिसाची रक्कम यांबाबत संयोजकच सर्वांत जवळचा जाणकार असतो; परंतु ‘उदंड प्रतिसाद’ हे त्याने स्वतःच्याच कार्यक्रमाविषयी दिलेले मत आहे. तीच वाक्ये आणि मान्यवरांच्या नावांचा तोच क्रम चार ठिकाणी दिसला, तर ती चार साधने नव्हेत, एकच साधन चार वेळा छापले गेले आहे.

आता तपशिलाकडे येऊ. व्यासपीठावरील सर्वांची नावे पदांसह देणाऱ्या बातमीत स्पर्धेचे विषय, वयोगट, स्पर्धकांची संख्या आणि वेळेची मर्यादा यांचा उल्लेखही नसेल, तर मजकूर लांबलचक असूनही स्पर्धेविषयी आपल्या हाती काहीच लागत नाही. वेळेचेच उदाहरण घ्या. 1924 मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या भाषणकलेचा सराव करवून घेणाऱ्या जागतिक संस्थेच्या मुख्य भाषण स्पर्धेत पाच ते सात मिनिटे मिळतात, आणि साडेचार मिनिटांपेक्षा कमी किंवा साडेसात मिनिटांपेक्षा अधिक बोलणारा स्पर्धक बाद ठरतो. एवढे कळले की पहिला क्रमांक कशासाठी मिळाला, याचा अंदाज बांधता येतो. पाठ करून आणलेले दहा मिनिटांचे भाषण आणि चिठ्ठी उचलून केलेले तीन मिनिटांचे उत्स्फूर्त भाषण यांसाठी लागणारी तयारी सर्वस्वी वेगळी असते, आणि ती कोणती होती हे न सांगणारी बातमी विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही.

‘राज्यस्तरीय’ या विशेषणापाशी थोडे थांबावे. प्रवेश राज्यभरासाठी खुला होता, की राज्यभरातून स्पर्धक खरोखर आले होते? विजेत्यांची गावे पाहा. सगळे कराड आणि वाळवा तालुक्यांतलेच असतील, तर स्पर्धा चांगली झालेली असू शकते, पण तिचा आवाका विशेषणाएवढा होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘जागतिक विजेता’ हा दावा तपासणे त्या मानाने सोपे आहे, कारण टोस्टमास्टर्ससारख्या संस्था आपल्या विजेत्यांची नावे वर्षानुसार जाहीर करतात. 2015 चे टोस्टमास्टर्सचे विजेते सौदी अरेबियाचे मोहम्मद कहतानी होते, हे कोणालाही पडताळून पाहता येते. उपांत्य फेरी गाठणे हेही मोठेच यश आहे, मात्र ते विजेतेपद नव्हे.

बातमीदार सभागृहात हजर होता का, हे ओळखण्याची माझी खूण अशी, की मजकुरात एखाद्या स्पर्धकाने मांडलेला मुद्दा सापडतो का, ते मी पाहतो. ‘ओजस्वी शैलीत मंत्रमुग्ध केले’ हे वाक्य न ऐकताही लिहिता येते. शेतीच्या पाण्यावर बोलणाऱ्या मुलीने कोणता युक्तिवाद केला आणि परीक्षकांनी त्यावर काय म्हटले, हे ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही.

मजकूर अपुरा वाटला, तर संयोजकांकडे नियमावली मागावी, आणि शक्य असल्यास क्रमांक न मिळालेल्या एखाद्या स्पर्धकाशीही बोलावे. निकालाविषयीची त्याची नाराजी आपण बाजूला ठेवू शकतो. परंतु घंटा कितव्या मिनिटाला वाजली, विषय किती दिवस आधी कळले, गुणपत्रक दाखवले गेले की नाही, हे चुकीचे सांगण्याचे त्याला सहसा काही कारण नसते.