खडी, ठिपके आणि शिकारी

हा गप्पी माशाचा नर. लांबी दोन-अडीच सेंटीमीटर, आणि अंगावर नारिंगी, काळे, निळे ठिपके.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून वाहणाऱ्या ओढ्यांत धबधब्याच्या वरचे नर भडक असतात, खालचे फिके. खाली पाइक सिक्लिड हा मोठा शिकारी मासा राहतो. त्याला धबधबा चढता येत नाही. वर असतो तो रिव्ह्युलस हा छोटा मासा, आणि तो बहुतेक लहान गप्पीच खातो.

१९७०च्या दशकात जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी गृहीतक मांडलं: मादी भडक नराकडे आकर्षित होते, पण शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो. जिथे शिकारी जास्त, तिथे भडक नर टिकत नाहीत.

पटतं ना? पण वरच्या आणि खालच्या पाण्यात इतरही फरक असतात. नुसतं पाहून कारण सिद्ध होत नाही.

म्हणून त्यांनी काचगृहात दहा तळी बांधली. वेगवेगळ्या ओढ्यांतले गप्पी एकत्र करून ते सगळीकडे सोडले. पुढे काही तळ्यांत सिक्लिड आले, काहींत रिव्ह्युलस, तर दोन तळी शिकाऱ्याविना राहिली. आणि तळाशी कुठे जाड खडी, कुठे बारीक.

ही खडी म्हणजे या प्रयोगाचा सर्वांत सुंदर भाग! गृहीतक खरं असेल, तर सिक्लिडच्या तळ्यात ठिपके खडीच्या आकाराशी जुळत जायला हवेत, म्हणजे मासा तळात मिसळून जाईल. शिकारी नसेल तिथे उलट घडायला हवं, कारण तिथे उठून दिसण्यातच फायदा. तसं झालं नसतं, तर गृहीतक कोसळलं असतं.

चौदा महिन्यांनी ठिपके मोजले. सिक्लिडच्या तळ्यांत ते कमी झाले होते आणि खडीशी जुळले होते. शिकाऱ्याविना तळ्यांत ते वाढले होते, आणि बारीक खडीवर मोठे, जाड खडीवर लहान झाले होते.

१९७६मध्ये एंडलर यांनी धबधब्याखालचे २०० गप्पी अशा ओढ्यात नेले, जिथे फक्त रिव्ह्युलस होता. दोन वर्षांत, म्हणजे सुमारे पंधरा पिढ्यांत, तिथले नर अधिक रंगीत झाले.

मग प्रश्न आला जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक यांचा: मोठे मासे खाणारा शिकारी नसेल, तर गप्पींचं आयुष्यही बदलतं का? अकरा वर्षांनी त्याच ओढ्यातले गप्पी उशिरा वयात येऊ लागले होते, आणि पिल्लं कमी पण मोठी देत होते. हा फरक पाण्याचा की वंशाचा, हे ठरवण्यासाठी या गप्पींची नातवंडं प्रयोगशाळेत मूळ ठिकाणच्या गप्पींच्या नातवंडांसोबत वाढवली. पाणी सारखं, खाणं सारखं. फरक तरीही कायम राहिला.