घर म्हणजे झांकी नव्हे

(इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या डिसेंबरमधल्या सभेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सचिवांनी फळ्यावर लिहिलंय, ‘नाताळ आणि घराची बाह्य सजावट : सुरुचीची पाच सूत्रं’. हे नाव त्यांचं. मी फोनवर एवढंच म्हणाले होते की लाइटिंगबद्दल बोलायचंय, जरा तक्रार आहे. तक्रारीची सूत्रं कधी झाली ते मला कळलं नाही. पण पाच छापलीत तर पाच सांगीन. चाळीस मिनिटं आहेत.

तुम्ही मला फिजिक्सच्या बाई म्हणून ओळखता. माझे काही विद्यार्थी आलेत, ते सवयीप्रमाणे मागच्याच रांगेत बसलेत. आमचं घर मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून इथे आले, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी काढलेल्या ख्रिश्चन कॉलेजात नोकरीला. हो, किशोरकुमारचंच कॉलेज. कँटीनच्या उधारीचा किस्सा तुम्हाला पाठ आहे, तो आज नाही.

आधी एक शब्द. दिव्यांच्या माळेला आपण इंदूरवाले ‘झालर’ म्हणतो. एकदा पुण्याच्या वहिनींना फोनवर सांगितलं, यंदा गॅलरीला झालर लावली. त्या म्हणाल्या, कापड कुठलं घेतलं? तेव्हा मी आज झालरच म्हणणार. कुणी पुण्याहून आलं असेल तर शेजाऱ्यांना विचारा.

आता मूळ मुद्दा. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चालते देखावे, आपण सगळ्यांनी बापाच्या खांद्यावर बसून पाहिल्यात. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, तरी तिची झांकी निघते. याला म्हणतात हौस. पण झांकी आपल्यासमोरून जाते. दोन मिनिटं दिसते आणि पुढे सरकते. मागून दुसऱ्या मिलची येते, तिच्याकडे मान वळायच्या आत हिला नजर धरून ठेवायची असते. म्हणून तिथे दिवे पळतात, चक्र फिरतं, हनुमान डोंगर उचलतो. ते तिथे शोभतं. घर जागचं हलत नाही. समोरच्या माणसाला ते महिनाभर, रोज रात्री, खिडकी उघडली की दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की चालत्या गाडीची रोषणाई उभ्या घराला लावू नका. संपलं व्याख्यान. पण चहा अजून झालेला नाही, तेव्हा बोलते.

हे मी का बोलतेय? आमचे जावई. माणूस सोन्यासारखा. तीन वर्षांपूर्वी महारानी रोडवरून झालरींचं खोकं घेऊन आले आणि गच्चीच्या कठड्यापासून फाटकापर्यंत सगळं घर गुंडाळलं. त्या झालरीला एक हिरवी डबी असते, तिला एकच बटण. त्या बटणात आठ तऱ्हा. पहिलीत बाकीच्या सगळ्या आळीपाळीने येतात. मग लाटा, मग एकामागून एक, मग हळूहळू उजळणं, मग पळापळ, मग हळूहळू विझणं, मग मिचमिच. आणि आठवी, शेवटची, नुसतं स्थिर जळणं. म्हणजे शांतपणे जळणारा दिवा हवा असेल तर बटण सात वेळा दाबा. आठव्यांदा चुकून दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.

बरं, एकदा दाबून सुटका होते का? नाही. लाइट गेली आणि आली, की डबी सगळं विसरते आणि पहिल्या तऱ्हेवर जाते. 23 डिसेंबरला रात्री तीनदा लाइट गेली. मी तीनदा शाल गुंडाळून खाली. सात त्रिक एकवीस. तिसऱ्या खेपेला समोरचे बापट खिडकीतून म्हणाले, बाई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, घर शांत करतेय.

आणि त्यातल्या एका झालरीला गाणं होतं. एकाच पिपाणीच्या आवाजात तीन धून, चौथी अर्धी. आपल्या शहरात रोज सकाळी कचऱ्याची गाडी गात येते, ती निदान पुढच्या गल्लीत जाते.

इतिहासात गेले तर पंचाईत माझीच होते. विजेच्या दिव्यांचं पहिलं ख्रिसमस झाड एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 साली न्यूयॉर्कला आपल्या घरात उभं केलं. लाल, पांढरे, निळे असे 80 बल्ब. आणि ते झाड स्वतःभोवती फिरत होतं, दिवे लागत-विझत होते. म्हणजे गुन्हा पहिल्याच दिवशी घडला. पण ते झाड घरात होतं हो, बाहेर कठड्यावर नव्हतं!

आमच्या लहानपणी झालर विकत मिळायची, पण पप्पांना ती घरीच करायची असायची. सहा व्होल्टचे बल्ब, एका ओळीत 38. सहा गुणिले अडतीस, दोनशे अठ्ठावीस, म्हणजे जवळपास घरातल्या विजेइतके व्होल्ट. मागची रांग, लक्षात आहे ना? त्यात एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. मग पप्पांच्या हातात एक चांगला बल्ब, भाऊ स्विचपाशी. बंद कर. बल्ब बदल. चालू कर. नाही. बंद कर. पुढचा. या युक्तीत एक मेख आहे. एकाच वेळी दोन बल्ब गेले असतील तर एकेक बदलून काहीच लागत नाही, तुम्ही अडतीसही पालथे घालता. एका 24 तारखेला नेमके दोन गेले होते. रात्रीची उपासना तोंडावर, आई साडी नेसून तयार, पप्पा अजून स्टुलावर. शेवटी त्यांनी माळ काढून कोपऱ्यात टाकली. ओसरीवर फक्त चांदणी राहिली.

ती चांदणी शेजारच्या काकूंची. म्हणजे कागद आमचा, सांगाडा त्यांचा. दिवाळीला त्यांच्या दारात पाच टोकांचा आकाशकंदील लागायचा, कामट्यांचा. त्रिपुरी पौर्णिमा झाली की काकू फाटलेला कागद काढून सांगाडा कुंपणावरून आमच्याकडे द्यायच्या. आई खळ शिजवायची, आम्ही पतंगाचा पांढरा कागद चिकटवायचो. आत एक पंधराचा बल्ब. जानेवारीत सांगाडा परत. त्या रात्री काकू फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, यंदा घर छान दिसतंय हो तुमचं. पप्पा आठवडाभर बोलले नाहीत.

चांदणीवरून आठवलं. जर्मनीत नीस्की गावी मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवताना कागदाच्या चांदण्या करायचे. पंचवीस टोकं, त्यातली 17 चौकोनी बुडाची, 8 त्रिकोणी, आणि सव्विसाव्या जागेतून दिवा आत. मी नववीला घनाकृती शिकवताना…

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे. गराडू तळायला घेतले.’ वास मलाही येतोय. बरं, सूत्रं.

एक, जागा. सगळं घर आखू नका. दार, ओसरी किंवा अंगणातलं एक झाड, यातलं एक निवडा. येणाऱ्याची नजर जिथे जावी असं वाटतं, तिथे दिवा.

दोन, रंग. डब्यावर केल्विनचा आकडा बघा. 2700 म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसर उजेड, 6500 म्हणजे दवाखान्याचा पांढरा. एका भिंतीवर दोन्ही नको.

तीन, अंधार राखा. हे मला सविस्तर सांगायचं होतं. आईच्या अंगणात पॉइन्सेटिया होता, लाल पानांचा, नाताळाचा. ती फुलं नव्हेत, पानंच. खरी फुलं मधली पिवळी, बारकी. ऑक्टोबरपासून त्याला रोज बारा-चौदा तास सलग अंधार मिळाला तरच ती पानं लाल होतात. कोपऱ्यावर नवा सडकेचा दिवा लागला, त्या वर्षी झाडाची दिव्याकडची बाजू हिरवीच राहिली. तेव्हा झाडांवर रात्रभर फोकस मारू नका, आणि अकराला बंद करा. शेजारी झोपतात.

चार, मावठा. डिसेंबरात आपल्याकडे हमखास एक सर येते. बाहेरच्या झालरीवर पाण्यापासूनच्या बचावाचा आकडा, निदान आयपी 44, लिहिलेला हवा, उघड्यावर पूर्ण भिजणार असेल तर 65. प्लग आणि जोड छपराखाली. वायर प्लगाकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळातून टपकतं, प्लगात जात नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर झालरीआधी तो बसवा. जावयांचं खोकं दुसऱ्या वर्षी मावठ्यातच गेलं. मी काही केलं नाही, देवाशपथ.

पाच, उतरवणं. 6 जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांच्या, म्हणजे ज्ञानी पाहुण्यांच्या सणाला, सगळं खाली. आपल्याकडे त्यानंतर आठवड्यात संक्रांत. गच्चीवर झालर राहिली तर तुमचा मांजा आणि बापटांच्या नातवाचा मांजा तिच्यातच अडकणार.

झालं. काकूंचा सांगाडा आणलाय, काकू गेल्यावर तो आमच्याकडेच राहिला. दाराशी टेबलावर ठेवलाय, बघून घ्या. हात जपून लावा, खालच्या टोकाची एक कामटी सुटलीय.