तो फलक मी हातात घेतला नाही

नमस्कार श्रोतेहो.

एका रविवारी उपासना संपली आणि आमच्या मंडळीतली तीन-चार तरुण मुलं माझ्याजवळ आली. आठवड्यापूर्वी आमच्या भागात एका लहान मुलीचा फार वाईट रीतीने जीव घेतला गेला होता. संध्याकाळी मेणबत्ती मोर्चा निघणार होता. मुलांनी रात्री जागून पुठ्ठ्यांवर फलक रंगवले होते. त्यातला एक माझ्यापुढे धरून एकीने विचारलं, "काका, येताय ना?" फलकावर लाल अक्षरांत होतं, 'नराधमाला फाशी द्या'. मी म्हटलं, "येतो. पण हा फलक मी धरणार नाही." तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूने?"

तिला त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज या केंद्राने दिलेल्या वेळात ते देतो आहे. ख्रिस्ती माणसाने फाशीला पाठिंबा द्यावा का? माझं उत्तर 'देऊ नये' असं आहे. पण तिथवर मी कसा पोचलो ते सांगायला हवं, कारण समोरच्या बाजूलाही पवित्र शास्त्र वाचणारी, देवाला भिणारी माणसं आहेत.

ती माणसं पहिल्यांदा उत्पत्तीचा नववा अध्याय उघडतात. जलप्रलयानंतर देव नोहाला सांगतो की जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाच्या हातून सांडलं जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. मग रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. त्यात प्रेषित पौल लिहितो की सत्ताधारी तलवार उगीच बाळगत नाही. ही वचनं आहेत, आणि ती नाहीत असं भासवून मला पुढे जायचं नाही. गुन्ह्याला शिक्षा करण्याचा राज्याचा अधिकार पौल मान्य करतो, मीही करतो. पण अधिकार असणं वेगळं आणि तो शेवटच्या टोकापर्यंत वापरलाच पाहिजे असं म्हणणं वेगळं. मोशेच्या नियमशास्त्रात शब्बाथ मोडणाऱ्यालाही देहान्त आहे, आईबापांना शिव्याशाप देणाऱ्यालाही आहे. आज फाशीच्या बाजूने बोलणारा कोणताही पाळक ती कलमं मागत नाही. म्हणजे निवड तेही करतात. मी कशाच्या आधारे निवड करतो, एवढाच प्रश्न उरतो.

मी वधस्तंभाच्या आधारे करतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपण तीन-तीन तास देवळात बसतो, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकतो. कित्येकदा आपल्या लक्षातच राहत नाही की ती एका सरकारी शिक्षेची अंमलबजावणी होती. अटक झाली, साक्षीदार आणले गेले, त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत, रोमी सुभेदाराला आरोपी निर्दोष वाटला, आणि बाहेरचा जमाव ओरडत होता म्हणून त्याने शिक्षा दिली. ज्यांनी तो आवाज चढवला ती काही राक्षस नव्हती, सणाला गावात आलेली साधी माणसं होती. मी तो फलक हातात घेतला असता तर मी त्या गर्दीत कुठे उभा राहिलो असतो, हा विचार मला सोडत नाही.

आपल्या मंडळ्यांचा इतिहासही सांगितला पाहिजे, कारण तो लपवून कोणाला उपदेश करता येत नाही. रोममध्ये पोपचं राज्य होतं तेव्हा तिथे पगारी जल्लाद होता. १७९६ ते १८६४ या काळात एकाच जल्लादाने पाचशेहून जास्त माणसांना मारलं. आम्ही प्रोटेस्टंटांनी त्याकडे बोट दाखवू नये. १५५३ साली जिनिव्हात मायकल सर्व्हेटसला धर्ममतासाठी जिवंत जाळलं, ते आमच्याच सुधारकांच्या शहरात. व्हॅटिकनच्या कायद्यातून देहान्त शासन निघालं ते १९६९ साली. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की अशा शिक्षेची खरी गरज पडावी असे प्रसंग आता जवळजवळ उरलेलेच नाहीत. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातलं ते कलमच बदललं आणि ही शिक्षा अग्राह्य ठरवली. प्रोटेस्टंटांत एकमत नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी २००० साली फाशीच्या बाजूने ठराव केला. तेव्हा 'ख्रिस्ती मत' म्हणून एकच मत दाखवता येणार नाही. मी माझं सांगतो आहे.

आता मध्य प्रदेशात चला. देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचं गाव आहे. केरळहून आलेली राणी मारिया ही जोगीण, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी, तिथल्या आदिवासींमध्ये काम करत असे. सावकाराच्या पाशातून बाहेर कसं पडायचं, बँकेचं कर्ज, सरकारी योजना कशा मिळवायच्या, हे ती त्यांना शिकवत होती. ज्यांचं त्यात नुकसान होत होतं त्यांना ती डोळ्यांत सलू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ ला ती बसने इंदूरकडे निघाली असताना समुंदरसिंग नावाच्या तरुणाने भर बसमध्ये तिच्यावर चाकूचे वार केले, तिला बाहेर ओढलं आणि रस्त्याच्या कडेला मारून टाकलं. बसमधलं कोणी पुढे झालं नाही.

त्याला जन्मठेप झाली. त्याला पुढे केलं होतं दुसऱ्यांनीच, आणि तुरुंगातली सुरुवातीची वर्षं तो त्यांच्यावर सूड उगवण्याचा विचार करत होता. पश्चात्तापाचं नाव नव्हतं. एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले, पुन्हा पुन्हा. मग २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, तीही जोगीणच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समुंदरसिंगच्या मनगटावर राखी बांधली. बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ मानलं. खुनाला तेव्हा सात वर्षं झाली होती. पुढे तिच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, २००६ मध्ये तो सुटला, आणि केरळमधल्या पुल्लुवळीला, तिच्या घरी गेला. राणी मारियाच्या म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला राणी मारियाला 'धन्य', म्हणजे कॅथलिक मंडळीतल्या संतपदाच्या आधीच्या पायरीवरची, घोषित केलं गेलं, तेव्हा तो त्या सोहळ्याला हजर होता.

माझा मुद्दा या सात वर्षांत आहे. काही जुने धर्मपंडित म्हणत की मरण समोर दिसलं की माणूस पश्चात्तापाला येतो, म्हणून फाशीने त्याच्या आत्म्याचं भलंच होतं. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर पश्चात्ताप केलेल्या चोराचं उदाहरण ते देत. पण वधस्तंभ तीन होते. दुसरा चोर शेवटपर्यंत निंदाच करत राहिला, त्याला आणखी सात वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं हे आपल्याला कोणी सांगू शकत नाही. पश्चात्ताप केव्हा येईल ते देवाच्या हाती आहे, आणि फाशी देणारा मात्र तारीख आणि पहाटेची वेळ ठरवून मोकळा होतो. तेवढं धाडस ख्रिस्ती माणसाला करवू नये असं मला वाटतं.

हे बोलताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. 'क्षमा' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्या मुलीच्या आईच्या दारात जाऊन 'बाई, क्षमा कर' असं मी म्हणणार नाही. क्षमा तिची आहे, ती तिच्याकडून मागण्याचा हक्क मला नाही, सरकारलाही नाही. आणि क्षमा म्हणजे सुटका असंही नाही. हे मी ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडून शिकलो. ओडिशातल्या बारिपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा करणारे त्यांचे पती ग्रॅहम, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, जानेवारी १९९९ च्या एका थंड रात्री मनोहरपूर गावात गाडीत झोपले होते. जमावाने गाडी पेटवून दिली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, आणि त्याच वेळी हेही सांगितलं की क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची सरमिसळ करू नका, कायदा आपलं काम करील. कायद्याने केलंही. त्या जमावाचा म्होरक्या दारासिंग याला २००३ मध्ये फाशी ठोठावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. माणूस गजाआड राहिला. समाज सुरक्षित ठेवायला एवढं पुरतं.

आणि चुका? त्या आपल्या महाराष्ट्रातच घडल्या आहेत. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या उरलेल्या तिघांनाही फाशी ठोठावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ज्या साक्षीदार बाईंनी गुन्ह्यानंतर पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच माणसांना ओळखलं होतं, तो कागद तोवर बाजूला पडलेला होता. दरम्यान फास आवळला गेला असता तर ते पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते? आणि खरे गुन्हेगार, ज्यांच्यासाठी एवढा आक्रोश झाला, ते कुठे गेले?

नियमशास्त्रही दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय कोणाला मारू नका म्हणतं, आणि पहिला दगड साक्षीदारानेच मारायचा असं सांगतं. म्हणजे खोटं बोलणाऱ्याच्या हाताला रक्त लागलंच पाहिजे. आज आपल्यापैकी कोणाच्याच हाताला ते लागत नाही. आपण फक्त फलक धरतो.

त्या संध्याकाळी मी मोर्चात गेलो. माझ्या हातात मेणबत्ती होती, त्या मुलीच्या हातात तो फलक, आणि आम्ही शेजारी शेजारी चाललो. चौकातून वळताना मी तिला समुंदरसिंगची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "सुटल्यावर तो काय करतो?"

मी म्हटलं, "शेती करतो. आणि उदयनगरला तिच्या कबरीवर जातो."

तिने फलक खाली केला नाही. पण मेणबत्ती विझली होती माझी, ती तिने तिच्या मैत्रिणीच्या ज्योतीवर पेटवून परत माझ्या हातात दिली.