पडल्यावर काय लागतं?

नमस्कार श्रोतेहो.

मोटारसायकलच्या शर्यतींचा विषय निघाला की गाडी लगेच इंजिनावर येते. किती सीसी, किती पिकअप, टॉप स्पीड किती. आज आपण इंजिन जरा बाजूला ठेवू आणि ट्रॅकच्या कडेबद्दल बोलू. पडलेला माणूस घसरत जाऊन कशावर आदळतो, या एका प्रश्नापायी गेल्या शंभर वर्षांत ही सर्किटं बदलत गेली, असं माझं मत आहे.

१९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स हा खास शर्यतींसाठी बांधलेला ट्रॅक सुरू झाला. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन या बेटावर टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, ही मोटारसायकलची शर्यत सुरू झाली, ती मात्र साध्या गावरस्त्यांवर. इंग्लंडात तेव्हा ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी रस्ता बंद करायला कायदा आड येत होता. बेटाची संसद स्वतंत्र, तिनं परवानगी दिली. १९११ पासून ही शर्यत डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर गेली. एक फेरी साठ किलोमीटरच्या थोडी वर. म्हणजे ठाण्याहून लोकलनं आटगाव गाठायचं, साधारण तेवढं अंतर. आजचे तिथले सगळ्यात वेगवान रायडर ते सतरा मिनिटांच्या आत कापतात. आणि कडेला काय? दगडी कुंपणं, घरांच्या भिंती, दिव्याचे खांब, कुणाच्या तरी परसातलं झाड. तिथे दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं एकेकाला सोडतात, तरीही या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक रायडर जिवानिशी गेले.

१९४९ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा ही शर्यत त्यातलीच एक होती. १९७२ मध्ये जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन रायडर तिथे अपघातात गेला. त्याचा मित्र ज्याकोमो अगोस्तिनी, पंधरा जागतिक विजेतेपदं मिळवणारा, म्हणाला, मी इथे पुन्हा येणार नाही. आणि आला नाही. १९७६ नंतर जागतिक मालिकेतून बेट गळलं आणि ब्रिटनची शर्यत सिल्व्हरस्टोनला गेली. हे सिल्व्हरस्टोन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. आपल्याकडेही तसंच झालेलं. मद्रासजवळची शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी बरीच वर्षं भारतातल्या शर्यतींचं माहेरघर होती. धावपट्टी रुंद, सपाट, आणि कडेला काही नाही. त्या ‘काही नाही’लाच खरी किंमत होती.

आता मधली एक तारीख सांगतो. २० मे १९७३, इटलीतलं मोन्झा. अडीचशे सीसीची शर्यत, पहिलीच फेरी, पहिलंच मोठं वळण. रेन्झो पासोलिनी पडला. त्याची गाडी कडेच्या पोलादी कठड्यावर आपटून पुन्हा ट्रॅकवर आली आणि मागून येणाऱ्या यार्नो सारिनेनला लागली. सारिनेन हा आदल्या वर्षीचा जगज्जेता. दोघेही गेले, आणि मागचे कितीतरी जण एकमेकांवर जाऊन पडले. हा कठडा तिथे लावला होता मोटारींसाठी. मोटार त्याला घासत जाते, पत्रा चेपतो, ड्रायव्हर उतरून चालू लागतो. मोटारसायकलवाल्याचा पत्रा म्हणजे त्याची स्वतःची हाडं. एकाला वाचवणारी वस्तू दुसऱ्याच्या जिवावर उठली.

त्यानंतर कठडे मागे सरकत गेले आणि मधल्या जागेत खडी आली. बारीक, गोलसर खडी, खोलवर पसरलेली. रायडर घसरत त्यात शिरला की रुततो आणि वेग मरतो. गाडी कोलांट्या खाते, पण गाडीचं काय, ती पुन्हा बांधता येते. खडीच्या पलीकडे हवेनं फुगवलेल्या गाद्या. पुढे फॉर्म्युला वनच्या मंडळींना खडी नकोशी झाली, कारण मोटार त्यात अडकून बसते. त्यांना कडेला डांबर हवं, म्हणजे ब्रेक मारून परत वळता येतं. पण गाडीवरून सुटलेल्या माणसाला ब्रेक कुठून? चामड्याचा सूट डांबरावर घसरतच राहतो. २०१६ साली बार्सिलोनाच्या सर्किटवर शुक्रवारच्या सरावात लुईस सालोम हा स्पॅनिश तरुण अशाच एका डांबरी कडेच्या वळणावर जिवानिशी गेला. दुसऱ्या दिवशी वळणाचा आकारच बदलला. मोन्झानंतर त्रेचाळीस वर्षांनी भांडण तेच होतं, मोटारीची कड आणि मोटारसायकलची कड.

आपलं नोएडाजवळचं बुद्ध सर्किटही मुळात फॉर्म्युला वनसाठी, २०११ साली बांधलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलच्या जागतिक मालिकेतली सगळ्यात वरची शर्यत, आली. सर्किट मोटारसायकलींना योग्य असल्याचा अंतिम दाखला सराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मिळाला. ऊन इतकं की चोवीस फेऱ्यांची शर्यत एकवीसवर आणली. मार्को बेझेक्की जिंकला. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली.

इंजिनांचं थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर आमच्या ठाण्यातले आरएक्स हंड्रेडवाले रागावतील. पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या जाऊन २००२ पासून फोर-स्ट्रोक आल्या, वेग ताशी ३६० किलोमीटरच्या पुढे गेला. बसण्याची ढबही बदलली. अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स १९७८ ते १९८० असा सलग तीनदा जगज्जेता झाला, त्याच्यापासून गुडघा बाहेर काढून लटकण्याची रीत रुळली. शरीर वळणाच्या आतल्या बाजूला गेलं की तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. गुडघा टेकवणं हा दिखावा नाही. गाडी किती झुकली याचं ते माप आहे. आणि २०१८ पासून जागतिक मालिकेत सूटमध्ये एअरबॅग सक्तीची झाली. म्हणजे ट्रॅकची कड आता रायडरच्या अंगावरच आली म्हणा ना.

आता आपल्याकडे येऊ. नेरूळ-सीवूड्सच्या श्रोत्यांना मध्यरात्रीनंतर पाम बीच रोडवरून येणारा सायलेन्सरचा आवाज नवा नाही. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता. पोरांना मोह होतो, आणि घोडबंदरलाही तेच चालतं. पोलीस नाकाबंदी लावतात, सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, ते बरोबरच आहे. मला त्या पोरांना एवढंच विचारायचंय, रस्त्याकडे बघता तसं कधी कडेकडे बघितलंत का? दुभाजकाची टोकदार किनार, दर काही पावलांवर खांब, सिग्नल, आणि पहाटे चारलाच फिरायला निघालेले आजोबा. अगोस्तिनीनं जे नाकारलं, तेच तुम्ही हेल्मेटशिवाय स्वीकारता.

ठाणे-नवी मुंबईत शर्यतीचा ट्रॅक नाही, ही तक्रार खरी आहे आणि मलाही ती आहे. ज्यांना मनापासून हे करायचंय ते टेम्पोत गाडी टाकून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोईमतूरला जातात. चेन्नईचा ट्रॅक १९९० चा, पावणेचार किलोमीटरच्या आसपास. पण ट्रॅक म्हणजे अमरपट्टा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच एका तेरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. कड कितीही मोकळी ठेवली तरी मागून येणाऱ्या गाडीवर तिचा इलाज चालत नाही. एवढ्या लहान मुलांना किती वेगाच्या गाडीवर बसवायचं, यावर आपल्याकडे मोकळेपणानं बोलणं व्हायला हवं.

म्हणूनच गाडी आत सोडण्यापूर्वी तपासणीत जे बघतात, ते बहुतेक मागच्या माणसासाठी असतं. आरसे काढायचे, दिव्यांना चिकटपट्टी मारायची, साइड स्टँड उतरवायचा. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि पुसता पुसला जात नाही. इंजिनऑइलचा खालचा बोल्ट सैल झाला तर मागचे चौघे जण ऑइलवरून जातील, म्हणून त्याच्या डोक्याला भोक पाडून पोलादी तार ओवायची आणि पीळ देऊन बांधायची. ती अशा बाजूनं बांधायची की बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली जावी. तार नसेल तर गाडी परत पाठवतात, मग ती कितीही महागाची असो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शर्यतीत नाव घालू नये, आधी रायडिंग स्कूल करावं. आणि बोल्टचं काम ठाण्यातच उरकून निघावं. वागळे इस्टेटमधला कुठलाही लेथवाला करून देईल. बोल्ट कडक असतो, बारीक ड्रिल त्यात मोडतं, तेव्हा जाताना दोन बोल्ट घेऊन जा.

नमस्कार.